केस गळाले आपले, संशोधनाचा पैसा कोणासाठी?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या. आधी डोके खाजते, मग केस राठ होतात, ओढले की हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडते. लहान मुले, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसे, कोणीही सुटले नाही. वाहिन्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले. व्हायरस कोणाला दिसला नव्हता, पण नाव पसरले आणि गावकऱ्यांकडे संशयाने पाहणे सुरू झाले. विटाळाच्या नजरेचा अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवातीला बुरशीचा संसर्ग म्हटले गेले, मग पाण्याचा दोष म्हटला गेला. पुढे आयसीएमआरची पथके आली, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने नेले. रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. याच सुमारास पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर स्वखर्चाने या गावांत आले आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४ मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम निघाले. रुग्णांच्या रक्तात जस्तही कमी होते. एप्रिलमध्ये याच भागात नखे गळण्याच्या तक्रारी आल्या.

आता साधा हिशोब करू. मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सेलेनियम घेऊ नये, असे आहारतज्ज्ञ मानतात. अशा गव्हाचे फक्त शंभर ग्रॅम पीठ खाल्ले तरी १४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेतीन पट, पोटात जाते. गहू धुतल्यानेही फारसा फरक पडत नाही. यात नवलाचे काही नाही. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकात केस आणि नखे गळण्याची अशीच साथ आली होती आणि तिचे कारणही सेलेनियम निघाले. पंजाबच्या होशियारपूर, नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे.

मग आमचा प्रश्न असा: जे ठाऊक होते, ते रेशनच्या पोत्यापर्यंत का पोचले नाही? गव्हाबद्दलचा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच सरकारी तपासणीचा पूर्ण अहवाल लोकांपुढे हवा. ज्यांनी रक्त दिले, त्यांनाच अहवाल मागत फिरावे लागते, ही कुठली रीत? केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव याच जिल्ह्याचे खासदार आहेत. त्यांच्याकडे ही मागणी करण्याचा आपला हक्क दुप्पट आहे.

डॉ. बावस्करांचे आयुष्यच या प्रश्नाचे उत्तर सांगते. कोकणात विंचूदंशाने माणसे मरत होती. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर चालते, हे त्यांनी ग्रामीण दवाखान्यात राहून दाखवले आणि हजारो जीव वाचले. जुन्या, स्वस्त गोळीत कंपनीला नफा नाही. विंचू चावतो तो अनवाणी शेतमजुराला. असले संशोधन बाजार करत नाही, ते सरकारनेच करायचे असते.

सरकार मात्र उलट्या दिशेने निघाले आहे. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत ५० हजार कोटी ठरले, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येईल असे गृहीत धरले. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींची योजना मंजूर झाली, तीही खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी. आमचा नव्या तंत्रज्ञानाला विरोध नाही. पण रेशनचा गहू तपासायला कोणती कंपनी पैसे देणार?

खारपाणपट्ट्याचेही तेच. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव तालुक्यांत खारे पाणी पिऊन पिढ्या गेल्या. घरोघरी मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत. आंध्रातील उद्दानम भागातही असाच आजार आहे. तिथे लोकांनी आवाज उठवला, तो राजकारणाचा विषय झाला आणि २०२३ मध्ये पलासा येथे दोनशे खाटांचे रुग्णालय आणि मूत्रपिंड संशोधन केंद्र उभे राहिले. आपल्याकडे का नाही?

आणि संशोधन करणार कोण? बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. ज्या घरात रेशनचा गहू शिजतो, त्या घरातली मुलगी प्रयोगशाळेत गेली, तर तो गहू तपासायचे तिला आधी सुचेल. फेलोशिप कापणे म्हणजे असे प्रश्नच कापणे होय.

तोवर आपण काय करावे? हा आजार एकमेकांना लागतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून कोणाची सोयरीक मोडू नका, कोणाला दूर बसवू नका. आपल्या मनाने ताकदीच्या गोळ्या घेऊ नका, काहींत सेलेनियमच असते. गव्हाबद्दल शंका आली तर तो बाजूला ठेवा, ज्वारीची भाकर खा, पण किलोभर नमुना आणि रेशनची पावती जपून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करा. आणि येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा: तपासणीचा अहवाल मराठीत, गावात, सर्वांसमोर वाचला जावा. नमुना आपल्या अंगातून गेला आहे, उत्तरही आपल्याच दारी आले पाहिजे.