प्लेटिंग शॉप बंद झाले, धोका बंद झाला काय?



आमच्या वर्कशॉपमधील प्लेटिंग शॉप बंद करावे, या मागणीच्या निवेदनावर माझीही सही होती. २००६ साली ते बंद झाले तेव्हा आम्ही गेटवर पेढे वाटले. आज मी असे म्हणणार आहे की ते शॉप पुन्हा सुरू झाले पाहिजे. सेक्रेटरीचे डोके फिरले, असे काहींना वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मॅट्रिक. रसायनशास्त्र जेवढे शिकलो ते अप्रेंटिस असताना टाकीच्या काठाशी उभे राहून. ज्यांनी ही टाकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या वस्तूवर धातू चढवायचा ती, म्हणजे जॉब, विजेच्या ऋण टोकाला टांगायची आणि क्षारांच्या द्रावणात बुडवायची. निकेलच्या टाकीत धन टोकाला निकेलची पट्टी असते. पट्टी झिजत जाते आणि तोच धातू जॉबवर बसत जातो. विजेचा जवळजवळ सगळा भाग या कामी लागतो. पितळेसारखा मिश्रधातू चढवायचा असेल तर गोष्ट अवघड होते. तांबे आणि जस्त साध्या द्रावणातून एकत्र बसत नाहीत, तांबे पुढे धावते. सायनाईडच्या द्रावणात दोघांची चाल जुळते, म्हणून ते विष टाकीत घालावे लागते. त्यात चुकून ॲसिड गेले तर माणूस जागीच मारणारा वायू निघतो. सायनाईडचे गटार आणि ॲसिडचे गटार वेगळे ठेवा, असे आमचे जुने मिस्त्री घसा फोडून सांगत ते यासाठीच. इंजिनाच्या बेअरिंगवरचा शिसे-कथिलाचा मिश्र थर, विजेच्या कॉन्टॅक्टवरची चांदी, ही सगळी याच विद्येची लेकरे.

क्रोमची तऱ्हा मात्र सगळ्यांहून न्यारी. तिथे धन टोकाला क्रोमची नव्हे, शिशाची पट्टी असते. क्रोम येते ते द्रावणातूनच. लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके सल्फ्युरिक ॲसिड, उष्णता ५०-५५ अंश. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर जो कठीण क्रोम चढवतात त्याचा मिलिमीटरचा दहावा भाग चढायला चार-पाच तास लागतात. शंभर रुपयांची वीज टाकीत घातली तर त्यातली दहा ते वीस रुपयांचीच क्रोम चढवते. बाकीची पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात जाते. हे वायू बुडबुड्यांनी वर येतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना ॲसिडचा बारीक तुषार हवेत उडवतो. टाकीवर जे पिवळसर धुके दिसते ते हेच.

हे मुद्दाम सांगतो, कारण व्यवस्थापन नेहमी म्हणते की कामगार बेफिकीर असतो, मास्क लावत नाही, म्हणून त्रास होतो. बंधूंनो, हे धुके कोणाच्या बेफिकिरीने होत नाही. क्रोम चढवण्याच्या क्रियेतच ते आहे. म्हणून टाकीच्या काठालगत धुके ओढून घेणारा एक्झॉस्ट आणि द्रावणावर तरंगते प्लॅस्टिकचे गोळे हा टाकीचाच भाग समजला पाहिजे. एक्झॉस्ट बंद तर टाकी बंद, असाच नियम हवा.

आमच्याकडे एक्झॉस्ट होता. त्याचा पंखा कधी चालत असे, कधी नाही. मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा टाकीवर एक जुने प्लेटर होते. नाव लिहीत नाही. दुपारच्या सुट्टीत ते भिंतीला टेकून डुलकी घेत आणि त्यांच्या नाकातून बारीक शीळ येई. आम्ही पोरे हसायचो. तेही हसत आणि म्हणत, आपल्याला देवाने बासरी दिली आहे. पुढे कळले की दोन नाकपुड्यांमधला पडदा आरपार फुटला की अशी शीळ येते. त्या कूर्चेला रक्ताचा पुरवठा कमी, त्यामुळे एकदा खाल्ली गेली की भरून येत नाही. दुखतही नाही, हीच मोठी लबाडी. बोटांच्या सांध्यांवर आणि नखाच्या मुळाशी गोल, कडा उचललेले खड्डे पडतात, त्यांनाही फारशी कळ नसते. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे जात नाही, आणि त्याच बोटाने नाक खाजवले की विष आत.

हे काही नवे ज्ञान नाही. १८२७ साली ग्लासगोच्या एका डॉक्टरने क्रोमचे रंग वापरणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरचे हे व्रण लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये क्रोम प्लेटिंगसाठी स्वतंत्र नियम १९३१ साली झाले. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात क्रोमचे व्रण हा सरकारला कळवण्याचा रोग म्हणून नोंदला होता, आणि १९८७ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रोप्लेटिंग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली सांगून टाकले की सहा संयुजेचे क्रोमियम, म्हणजे या टाकीतलेच, माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर करते. हवेत ते किती चालेल? आपल्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत मर्यादा होती घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. अमेरिकेने २००६ साली आपल्याकडची मर्यादा ०.००५ वर आणली. म्हणजे त्यांच्या कामगाराच्या नाकाची किंमत आपल्यापेक्षा दहा पट!

आम्ही हे सगळे पी.एन.एम.मध्ये मांडले. एक्झॉस्ट दुरुस्त करा, वर्षातून दोनदा नाक आणि हात तपासा. रेल्वेची नियतकालिक वैद्यकीय तपासणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. सारा भर नजरेवर. नाकात टॉर्च कोणी मारत नाही. तीन वर्षे मुद्दा फिरत राहिला. शेवटी आम्ही चिडून म्हटले, जमत नसेल तर शॉप बंद करा. आणि आश्चर्य म्हणजे प्रशासनाने ते लगेच मान्य केले! पंख्याला पैसे नव्हते, पण बंद करायला एका महिन्यात कागद निघाला. तेव्हाच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. आम्ही पेढे वाटले.

टॉवेलचे हूक, बर्थचे ब्रॅकेट वगैरे सामान पुढे स्टेनलेस स्टीलचे आले, त्याला प्लेटिंगच नको. ही चांगली गोष्ट झाली. पण दांडे राहिले. ते बाहेरून क्रोम होऊन येऊ लागले. कुठून येतात हे मी कधी विचारले नाही. माझ्या सभासदाच्या नाकाचा प्रश्न मिटला होता.

२०१९ साली आमच्याकडे ठेकेदाराच्या साफसफाईवर एक मुलगा आला. त्याचा हात पाहिला आणि मी थांबलो. सांध्यांवर तेच गोल खड्डे. विचारले, तर रात्री एका गाळ्यात प्लेटिंगचे काम करतो म्हणाला. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर गेलो. अरुंद गल्ली, पत्र्याचा गाळा, दोन टाक्या, खिडकीत घरगुती पंखा, तोही वारा आत घेणारा. सात माणसे. मोजे होते, पण फाटलेले. आत ॲसिड शिरलेला मोजा नसलेल्या मोज्याहून वाईट, कारण ते आतच राहते. टाकीचे धुतलेले पिवळे पाणी थेट गटारात. वास्तविक त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट घालून पाणी पिवळ्याचे हिरवे करायचे आणि मग चुन्याने गाळ खाली बसवायचा, एवढे तर आम्हीसुद्धा करत होतो. आणि रॅकवर रांगेने उभे होते आमचेच दांडे, आमच्या वर्कशॉपच्या खुणेसकट.

मी मालकाशी भांडायला तोंड उघडले तर त्या मुलाने माझी बाही ओढली. बाहेर आल्यावर हिंदीत म्हणाला, चाचा, बंद मत करवाना, दिवाळीला बहिणीचे लग्न आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याकडे पाहावे तर काय दिसते? सात माणसांचा गाळा जुन्या कायद्यात कारखाना ठरत नव्हता. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात दहाचे वीस झाले! धोकादायक कामाला ही संख्येची अट लागू नाही असे संहिता म्हणते, पण ते सरकार अधिसूचनेने जे काम ठरवील त्यापुरते. नुकसानभरपाईचे पाहा. क्रोमियमपासून होणारे रोग १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत होते आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. पण अट अशी की त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी. गल्लीतला मुलगा चार महिन्यांनी गाळा बदलतो, आणि त्याची हजेरी कोणत्या कागदावर असते?

आम्ही प्रशासनाला पत्र दिले. उत्तर आले की हा खरेदीचा व्यवहार आहे, ठेका कामगारांचा नाही, सबब रेल्वे मूळ मालक ठरत नाही. अक्षरशः पाहिले तर उत्तर बरोबर आहे. काम वर्कशॉपच्या भिंतीच्या आत असते तर १९७० च्या ठेका कामगार कायद्याने त्यांना असे म्हणता आले नसते. भिंतीबाहेर गेले की तो माल झाला. मी पाहिलेल्या टेंडरांत थर किती मायक्रॉन, कडकपणा किती, प्लेटिंगनंतर जॉब भट्टीत किती तास तापवायचा, सगळे लिहिलेले होते. शेवटचे योग्यच आहे, कारण टाकीतला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते आणि ताणाखाली तडकते. दांड्याच्या पोटातल्या हायड्रोजनची एवढी काळजी, आणि दांडा टाकीत सोडणाऱ्याच्या नाकाबद्दल एक ओळ नाही.

म्हणून म्हणतो, काम परत आणा. वर्कशॉपमध्ये रेल्वेचे हॉस्पिटल आहे, सेफ्टी कमिटी आहे, युनियन आहे. पंखा बंद पडला तर कोणी तरी ओरडेल, आणि ओरडणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी जाणार नाही. गल्लीत यातले काही नाही. आमचे काही जुने सभासद म्हणतात, आपल्या पोरांना पुन्हा त्या टाकीवर उभे करणार काय? प्रश्न रास्त आहे, आणि मला तो टाळायचा नाही. पण आज टाकीवर कोणी उभे नाही असे नव्हे. उभे आहेत, ते आपले सभासद नाहीत एवढेच. आणि आपण २००६ साली मागायला हवा होता तो पंखा. आपण कुलूप मागितले.

कुलपावरून आठवले. टपाल खात्यातील बंधू म्हणतील, हे तुमचे रेल्वेचे दुखणे. अलीगढ आठवा. इंग्रजांच्या अमदानीत तिथे टपाल खात्याचा कारखाना होता आणि त्याच्या आधाराने त्या गावात कुलपांचा धंदा वाढला. आज तुमच्या कचेरीच्या कपाटाला जे चकचकीत कुलूप लोंबते ते बहुधा तिथलेच. त्याची चकाकी घराघरांतल्या प्लेटिंगच्या टाक्यांतून येते. नीरा बर्रा यांचे भारतातील बालमजुरीवरचे पुस्तक १९९५ साली आले, त्यात अलीगढच्या कुलूप धंद्यात प्लेटिंग आणि पॉलिशवर राबणारी मुले आहेत. सरकारी खाते गिऱ्हाईक असले की त्याचा शब्द बाजारात चालतो. तो टपाल खात्यानेही वापरावा.

शोभेच्या क्रोमसाठी तीन संयुजेच्या क्रोमियमची टाकी आता मिळते, ती पुष्कळ कमी घातक. युरोपात २०१७ पासून जुने क्रोमिक ॲसिड खास परवान्याशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ साली ठरवले की शोभेचे क्रोम २०२७ पासून आणि कठीण क्रोम २०३९ पासून जुन्या पद्धतीने करायचे नाही. आपल्याकडे दांड्यांसाठी जुनीच टाकी अजून बरीच वर्षे राहणार, हे मी धरून चाललो आहे.

आमच्या शाखेने येत्या पी.एन.एम.साठी मुद्दा दिला आहे. काम वर्कशॉपमध्ये परत घ्यावे. तोपर्यंत प्लेटिंगच्या प्रत्येक टेंडरमध्ये चालू एक्झॉस्ट, सांडपाण्याची प्रक्रिया आणि कामगारांचे हात-नाक तपासल्याचे डॉक्टरचे दाखले या अटी घालाव्यात. आणि माल तपासायला जाणाऱ्या इन्स्पेक्टरने मायक्रॉनबरोबर हेही पाहून सही करावी. दर वाढेल, मान्य आहे. दांड्यामागे किती वाढेल ते आम्ही विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

झाशी, हुबळी, सिकंदराबाद, भुसावळ, परळ, माटुंगा, जिथे जिथे आपले मराठी बांधव वर्कशॉपमध्ये आहेत त्यांनी आपल्याकडचे कोणते सामान बाहेर प्लेटिंगला जाते आणि कोणत्या गल्लीत जाते, एवढे शाखेमार्फत कळवावे. मालाच्या पावतीवर पत्ता असतो. रविवारी जाऊन यावे. भांडू नये, आधी हात पाहावेत.