नमाची बाजू

नायगाव पूर्वेला आमचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये बसतो, एका पुस्तकावर बोलतो. मागच्या खेपेला मी तिथे एक सूचना मांडली. मराठीत दीर्घकथांचा एक संग्रह निघायला हवा, पण त्यातल्या नायिका नव्याने घडवायच्या नाहीत. आपल्याच कादंबऱ्यांत, नाटकांत, सिनेमांत ज्या बायका दुसऱ्या बाईवर प्रेम करतात आणि चार प्रसंगांपुरत्या येऊन जातात, त्यांनाच पुढे आणायचं, प्रत्येकीला ऐंशी-शंभर पानं द्यायची. आणि या प्रेमकथा असायला हव्यात. ओळख, ओढ, रुसवे, ताटातूट, पुन्हा जुळणं आणि शेवटी एका छताखाली नांदणं, हे सगळं त्यांत हवं. सूचनेला विरोध झाला. विरोध करणारी माणसं मनापासून वाचणारी होती, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला सारायचं नाही असं ठरवून हे लिहायला बसले.

'हे आपल्या मातीतलं नाही' हा आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कच्चा. 1998 साली दोन बायकांच्या प्रेमावरचा दीपा मेहतांचा 'फायर' लागला तेव्हा मुंबईतल्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली, ती याच एका वाक्याच्या बळावर. पण त्याच्या कितीतरी आधी, 1981 साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आलं होतं. रोहिणी हट्टंगडी त्यात एका मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं पडद्यावर आलं. आणि 1981 सालीच सुनीती नामजोशींचं 'फेमिनिस्ट फेबल्स' हे पुस्तक इंग्रजीत निघालं. नामजोशींचा जन्म 1941चा, मुंबईतला. आजोळ फलटणच्या नाईक निंबाळकरांचं. त्या आयएएसमध्ये होत्या, नंतर टोरोंटोत शिकवू लागल्या. आईच्या जोडीने त्यांनी गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या. स्वतः समलिंगी असल्याचं त्यांनी लपवलं नाही. जिलियन हॅन्सकोम्ब या आपल्या जोडीदारणीबरोबर 1986 साली प्रेमकवितांचं पुस्तकही काढलं. 'फेमिनिस्ट फेबल्स'मध्ये त्यांनी केलं काय, तर पंचतंत्रातल्या आणि परीकथांतल्या गोष्टी घेऊन त्यांत कोपऱ्यात उभ्या असलेल्यांना बोलायला लावलं. म्हणजे मी जी सूचना केली, तिचं बीज मराठी घरातल्याच एका बाईने केव्हाच पेरलेलं आहे. ते इंग्रजीत उगवलं, याची खंत आपल्याला वाटायला हवी.

आणि मातीचंच बोलायचं तर नायगावची माती पाहा. खाडीलगतची मिठागरं, जूचंद्रची रांगोळी, कोळीवाडे, चर्च, आणि गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले टॉवर. मुंबईपेक्षा भाडं परवडतं म्हणून अंधेरी-गोरेगावला नोकरी करणाऱ्या मुली दोघी-दोघी मिळून इथे घर घेतात. त्यांतल्या बहुतेक नुसत्या मैत्रिणी असतात, पण सगळ्या नसतात. एजंट नातं विचारतो, तेव्हा एक दुसरीकडे बघते आणि 'मावसबहिणी' असं उत्तर येतं. भाडेकराराची मुदत 11 महिने. म्हणजे दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की जास्तीची धाकधूक. पहाटेच्या गर्दीत, विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात, या दोघी दाराशी एकमेकींची पर्स धरून उभ्या असतात. आपल्या कथेत त्या शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन मुली म्हणून येतात, नायिकेला साखर उसनी देतात आणि नाहीशा होतात. त्यांच्या घरात दिवसभर काय चालतं, हे कळावं एवढी पानं त्यांना कुणी दिलेली नाहीत.

कट्ट्यावरच्या एका ज्येष्ठ वाचकांचा मुद्दा याहून वजनदार होता. ते म्हणाले, 'तेंडुलकरांनी लिहिलं ना? आणि असं लिहिलं की अंगावर येतं. आता त्यात गोड प्रेमकथेची भर कशाला?' तेंडुलकरांबद्दलचा त्यांचा आदर मलाही आहे. 1981 साली प्रेक्षकांपुढे मित्राला उभी करणं हे धाडसच होतं, आणि ते त्यांनी नेकीने केलं. पण नाटकाची बांधणी नीट पाहा. गोष्ट सांगतो तो बापू, मित्राचा मित्र. मित्राला जे वाटतं ते आपल्यापर्यंत बापूच्या समजुतीतून, त्याच्या घाबरटपणातून, त्याच्या न बोललेल्या ओढीतून पोचतं. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना मित्रा नमाच्या प्रेमात पडते. त्यांच्या भेटींसाठी खोली लागते, ती बापूच्या रूम-पार्टनरची, पांडेची. निरोप बापू नेतो. मन्या दळवी नमावर हक्क सांगतो, मित्राचं पत्र हाती लागल्यावर तिला कोंडीत पकडतो. शेवटी मित्रा जीव देते.

आता या सगळ्यात नमा कुठे आहे? दोन माणसं तिच्यावरून भांडतात, तिसरा निरोप नेतो, आणि ती कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जाते. मित्राचा हात हातात असताना तिला काय वाटत होतं? ती भ्याली की कंटाळली? की तिलाही मनापासून ओढ होती आणि घराच्या धाकाने ती आवळून टाकली? मित्रा गेल्याचं तिला कुणी सांगितलं, आणि त्या रात्री ती जेवली का? नाटक तिला हे विचारत नाही. त्याचा दोष मी नाटकाला देत नाही. एका नाटकाने सगळ्यांची दारं ठोठावावीत असं कुठे आहे? पण उत्तम शोकांतिका लिहून झाली म्हणून नमाची चौकशीच करायची नाही, हे मात्र मला मान्य नाही. मित्राच्या मरणाने आपण हळहळलो आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानून घरी गेलो. त्याला 40हून जास्त वर्षं झाली.

'उंबरठा'तल्या त्या दोघींचंही तेच. अधीक्षिका सुलभापुढचा एक पेच, एवढीच त्यांची तिथली जागा. सुलभा त्यांच्याबाबत काय करते यावरून आपण सुलभाला जोखतो. त्या दोघी आश्रमात येण्याआधी कोण होत्या, एकमेकींना कशा सापडल्या, याला चित्रपटात सवड नाही. तो सुलभाचा चित्रपट आहे, स्मिता पाटीलने तो तोलून धरला आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच त्या दोघींची कथा वेगळी लिहावी लागेल.

'सुखान्त म्हणजे खोटं' असं एक ताई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की वास्तवात या बायकांच्या वाट्याला दुःखच येतं, मग साहित्याने गोडवा का पसरावा? इथे मला थोडा इतिहास सांगावासा वाटतो. अमेरिकेत 1952 साली मॅरिजेन मीकर या लेखिकेने 'स्प्रिंग फायर' ही दोन तरुणींच्या प्रेमाची स्वस्त आवृत्तीतली कादंबरी टोपणनावाने लिहिली. संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा चालणार नाही, नाहीतर टपाल खातं पुस्तकं अडवेल. म्हणून एक नायिका वेडी झाली आणि दुसरीने 'आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच' असं म्हटलं. वास्तवाचा यात काही संबंध नव्हता, ती छपाईची अट होती. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने, तिनेही टोपणनावानेच, 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिलं आणि दोघी नायिकांना शेवटी एकत्र येऊ दिलं. वाचक बायकांची पत्रं तिला वर्षानुवर्षं येत राहिली. दुःखान्त हाच खरा, असं आपण आज समजतो, त्यामागे अशा किती अटी मुरल्या आहेत याचा विचार व्हायला हवा.

शिवाय वास्तव एकसारखं नसतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा फास सैल केला. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. यांमधल्या काळात, 2021 सरता सरता, नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी आप्तांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. मुंबईत 1995पासून 'स्त्री संगम' आणि पुढे 'लेबिया' या नावाने अशा बायका एकत्र येतात, एकमेकींना धरून राहतात. कुणी विसाव्या वर्षी घर सोडलं, कुणी साठीत आहे आणि जोडीदारणीच्या गुडघ्यांना तेल लावते आहे. हे सगळं घडतं आहे. मग तेल लावणारा हात खोटा आणि विषाची बाटली तेवढी खरी, असं कसं म्हणायचं?

दुय्यम पात्रांवर नवं पुस्तक काढणं म्हणजे चाललेला माल ताणणं, असाही सूर निघाला. नायगावच्या आसपास मालिकांचे सेट लागतात, त्यामुळे ताणणं म्हणजे काय हे आम्हा रहिवाशांना नव्याने सांगायला नको. पण मराठी वाचकाने हा आक्षेप घेऊच नये. महाभारतातल्या कर्णाला शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' दिली, 1967 साली. रणजित देसाईंनी 'राधेय' दिली. खांडेकरांनी 'ययाति'त शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये एकेका व्यक्तिरेखेपाशी थांबून तिला स्वतंत्र तपासलं. उपेक्षिताला मध्यभागी आणणं ही आपली जुनी आवड आहे, आणि आपण तिचा अभिमानही बाळगतो. कर्णासाठी जे चालतं ते नमासाठी का चालू नये?

परक्या साहित्यातही याचा चांगला दाखला आहे. ॲन बॅननच्या 1959च्या 'आय ॲम अ वुमन' या कादंबरीत बीबो ब्रिंकर येते, ती दुसऱ्या नायिकेच्या गोष्टीत. वाचकांना ती इतकी भावली की 1962 साली तिच्या तरुणपणावर तिच्याच नावाची कादंबरी निघाली. आज बॅननच्या त्या कादंबरीमालिकेचं नाव घेतलं की आधी बीबोच आठवते.

दीर्घकथेचा आग्रह मी का धरते, तेही सांगायला हवं. लघुकथेत अशी बाई बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदातला धक्का होऊन बसते. कादंबरीत समाज, कुटुंब, कोर्ट तिला झाकून टाकतात. दीर्घकथेत दोन माणसं पुरेशी असतात आणि त्यांना वेळही मिळतो. गौरी देशपांड्यांनी हा आकार मराठीत असा काही वापरला की 'कारावासातून पत्रे'सारखी कथा वाचल्यावर प्रेमाबद्दल दुसरं काही वाचायला मन घेत नाही. बायकांनी प्रेमाबद्दल मोकळेपणाने विचार करायची जागा म्हणून तो आकार आपल्याकडे तयार आहे.

नमासारखीच कोपऱ्यात राहिलेली आणखी एक बाई मला आठवते. इस्मत चुगताईंची 1942ची उर्दू कथा 'लिहाफ' मराठीत 'रजई' म्हणून कविता महाजनांनी आणली. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या कथेतल्या बेगमजानची चर्चा होते, अश्लीलतेवरून लाहोरात चाललेल्या खटल्याची होते. तिच्या अंगाला मालिश करणारी रब्बू मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. तिला एक मुलगा आहे, त्याला भेटायला ती जाते, आणि ती नसते तेव्हाच घरात सगळं बिनसतं. मोलकरणीच्या बाजूने ही गोष्ट लिहायची तर प्रेम, पगार आणि धाक यांची गाठ सोडवावी लागेल, आणि ती सोपी नाही. सुखान्त हवा म्हणून तिथली चाकरी झाकून चालणार नाही. रब्बूचं सुख कदाचित हवेलीबाहेर, भलत्याच कुणापाशी असेल.

यात एक खरी अडचण आहे आणि ती साहित्याबाहेरची आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तेंडुलकर 2008 साली गेले, म्हणजे नमाला 2068पर्यंत परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. चुगताई 1991 साली गेल्या, तिथे 2051 सरावं लागेल. वारसांकडे रीतसर मागावं, आणि त्यांनी द्यावं, अशी माझी विनंती आहे. पण तोवर थांबायचं कारण नाही. आज लिहिणाऱ्या कादंबरीकारांच्या पुस्तकांत अशा बायका आहेतच: नायिकेची लग्न न केलेली आत्या आणि तिची 'मैत्रीण', हॉस्टेलमधल्या दोघी, शाळेतल्या पीटीच्या बाई आणि त्यांच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या संगीताच्या बाई. या बायका त्या-त्या लेखकाच्या स्वतःच्या आहेत, कुणाची परवानगी लागत नाही. आपली जुनी पुस्तकं या लेखकांनी स्वतःच एकदा चाळावीत. त्या आत्याला सत्तर पानं दिली तर काय होतं ते बघावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनी दीर्घकथेची जागा मोकळी ठेवून त्यांना आत्ताच, पावसाळ्याच्या आधी, मागणी घालावी.