इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि मागचा एक्सल

उसाच्या फडात फिरणाऱ्या लाल तोडणी यंत्रावर ‘केस आयएच’ हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. यंत्र चाकणला तयार होतं. नावातली शेवटची दोन अक्षरं मात्र शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची. ही कंपनी शेती अवजारांच्या धंद्यातून उठून चाळीस वर्षं झाली.

सायरस मॅकॉर्मिकने १८३१ साली व्हर्जिनियात घोड्याने ओढायचं कापणी यंत्र चालवून दाखवलं. पुढे १९०२ मध्ये त्याच्या घराण्याची कंपनी, डिअरिंग आणि आणखी तिघे एकत्र आले. जुळवाजुळव केली जे. पी. मॉर्गनच्या पेढीने. १९२४ च्या ‘फार्मॉल’ने उभ्या पिकात कोळपणी करणारा ट्रॅक्टर दिला आणि कित्येक वर्षं अमेरिकेत या कंपनीला तोड नव्हती.

ती बुडाली कशी, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे संप. नोव्हेंबर १९७९ पासून १७२ दिवस कामगार बाहेर होते, त्यात व्याजदर भडकले. हे खरंच आहे. पण आपल्या धंद्यातल्या माणसाने थोडं मागे, १९५८ सालच्या ‘५६०’ या मॉडेलपाशी जावं. त्यात नवं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं, ताकद साठ अश्वशक्तीच्या वर नेली. मागचा फायनल ड्राइव्ह मात्र बव्हंशी १९३९ च्या ‘फार्मॉल एम’च्याच घडणीचा, म्हणजे जेमतेम पस्तीस-छत्तीस अश्वशक्तीसाठी आखलेला. जड नांगरटीत तो तुटू लागला. १९५९ मध्ये विकलेले ट्रॅक्टर परत बोलावून दुरुस्त करून देण्याची पाळी आली. पुढच्याच वर्षी जॉन डिअरने संपूर्ण नव्याने आखलेली मालिका आणली आणि चिडलेलं गिऱ्हाईक तिकडे वळलं. बॉनेट नवं आणि एक्सल जुना, ही काटकसर कंपनीला संपाइतकीच भोवली असं आमचं मत आहे. १९८४ च्या अखेरीस शेती विभाग टेनेकोला विकायचं ठरलं. तो टेनेकोच्याच ‘केस’मध्ये गेला. उरलेली ट्रक कंपनी १९८६ मध्ये नाविस्टार झाली.

याच कंपनीचा एक साधा ट्रॅक्टर आपल्याकडे टिकला. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला बी-२७५ मग कांदिवलीत बनू लागला. पस्तीसेक अश्वशक्ती, दिखाऊपणा नाही. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. शिकागोचं दुकान बंद झालं तेव्हा आपल्या शेतकऱ्याचं काही अडलं नाही, कारण ट्रॅक्टर इथे बनत होता आणि सुटे भाग तालुक्याला मिळत होते. ‘२७५’ हा आकडा महिंद्रच्या बॉनेटवर पुढेही राहिला. (नव्या परदेशी ब्रँडची एजन्सी घेणाऱ्यांनी पोस्टरआधी पार्ट बुक मागावं, ते याचसाठी.)

आता गळिताचा हंगाम तोंडावर आहे. दोन ट्रॉल्या ओढायच्या म्हणून ‘पंप जरा वाढवून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक दारात येईल. डिझेल वाढवलं की इंजिन जोर करतं, पण क्राउन-पिनियन, हाफ शाफ्ट आणि ब्रेक होते तेवढ्याच ताकदीचे राहतात. ‘५६०’ मध्ये कारखान्याने जे केलं, तेच आपण गॅरेजमध्ये पाना हातात घेऊन करतो. आणि आपल्याकडे तर भरल्या ट्रॉल्या घाटातून, रात्रीच्या रस्त्यावरून जातात.

गॅरेजवाल्यांना आमची विनंती आहे की पंपाचं सील तोडू नका. गिऱ्हाईक हटून बसलं तर आधी मागचं हाउसिंग उघडून दातांची झीज त्याला दाखवा, आणि तरीही ऐकलं नाही तर काम नाकारा.