नोत्र दामचा ऑर्गन आणि आपली पेटी

१५ एप्रिल २०१९ च्या सायंकाळी पॅरिसच्या नोत्र दाम या पुरातन ख्रिस्तमंदिराचे छप्पर पेटून त्याचा मनोरा कोसळला, तेव्हा पश्चिम द्वाराच्या वरच्या सज्जात उभा असलेला तेथील महाऑर्गन ज्वालांपासून आणि बंबांच्या पाण्यापासून बहुतांशी बचावला; परंतु छपरावरच्या शिशाची विषारी धूळ त्याच्या जवळजवळ आठ हजार नळ्यांवर जाऊन बसली, आणि वाद्य शाबूत असूनही मुके झाले. त्याच्या मरामतीची हकीकत बीड जिल्ह्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ज्यांच्या गावी पेटीचा सूर लागल्याखेरीज सप्ताहातले कीर्तन रंगत नाही, त्यांचे या वाद्याशी नाते दिसते त्याहून पुष्कळ जवळचे आहे.

ऑर्गन म्हणजे वाऱ्याने बोलणाऱ्या नळ्यांचा समुदाय. वादकाने पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीखालची झडप उघडते आणि कोंडलेला वारा तिच्यात शिरतो. काही नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात, तर काहींच्या तळाशी पितळेची पातळ जीभ थरथरते. सर्वांत मोठी नळी बत्तीस फुटांची, तर लहानात लहान नळीचा बोलता भाग करंगळीहूनही आखूड. १७३३ साली तिएरीने उभारलेल्या या वाद्याचा विस्तार त्याच शतकात क्लिकोने केला, आणि १८६८ मध्ये आरिस्तीद काव्हाये-कोल या असामान्य कारागिराने त्याची पुनर्रचना केली, ती जुन्या उत्तम नळ्या काढून न टाकता, त्यांना आपल्या नव्या योजनेत सन्मानाने सामावून घेऊन.

२०२० च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हे वाद्य सुटे करून निरनिराळ्या कारखान्यांत रवाना झाले; तेथे नळी अन् नळी निर्मळ करण्यात आली, आणि २०२३ मध्ये फिरून जुळणी सुरू झाली. त्यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. दिवसा सुतार आणि पाथरवट यांचा गलबला चालत असल्यामुळे स्वर लावण्याचे काम रात्रीच्या निःशब्दतेत करावे लागे: एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने वाद्याच्या पोटात शिरून नळीच्या मुखाशी किंचित फेर करायचा, पुन्हा ऐकायचे, आणि शेजारच्या स्वराशी तो एकजीव होईपर्यंत पुढच्या नळीला हात लावायचा नाही. हा क्रम महिनोन् महिने चालला. कारण धूळ पुसता येते, परंतु त्या भव्य मंदिरात ती नळी पूर्वी कशी बोलत होती, याचा निवाडा कानच करू शकतो. ७ डिसेंबर २०२४ रोजी मंदिर पुन्हा उघडले, तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा आवाहन केले आणि प्रत्येक आवाहनाला त्याने स्वरांनी उत्तर दिले.

याच काव्हाये-कोलने ऐन तारुण्यात, १८३० नंतरच्या दशकात, ‘पॉइकिलोर्ग’ नावाचे मोकळ्या जिभांचे एक लहान वाद्य घडवले होते, आणि त्याच जातीच्या वाद्यांतून पुढे पॅरिसमध्ये देबॅंचा हार्मोनियम सिद्ध झाला. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचे रूप दिले, आणि तो मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयाचा सोबती झाला. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने त्याला मज्जाव केला, तरी देवळातून त्याला कोणी उठवले नाही.

आमच्या भागात पेटी दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे पेटी उघडलेली असावी आणि आपण जवळ बसून पाहावे: पितळी सुराखाली, म्हणजे पेटीतल्या थरथरणाऱ्या जिभेखाली, पातळ पाते सरकवून ते त्याला आधार देतात आणि कानशीने अगदी हलके खरवडतात, टोकाशी खरवडले तर स्वर चढतो, मुळाशी खरवडले तर उतरतो, आणि एक घास अधिक झाला तर सूर वाया जातो. भात्याच्या घडीतली चीर ते गालाशी वारा लागतो का, यावरून शोधतात. पॅरिसच्या सज्जात रात्री जागणाऱ्या कारागिरांची विद्या आणि ही विद्या एकाच कुळातली आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

म्हणूनच एका गावी देवस्थानची तीन पिढ्या वाजलेली पेटी, केवळ भाता फुटला म्हणून, अडगळीत टाकून तिच्या जागी विजेवर चालणारे यंत्र आणलेले पाहिले, तेव्हा मनाला फार क्लेश झाले. लाकूड उत्तम होते, सूर जर्मन बनावटीचे होते, आणि मरामतीचा खर्च त्या यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. त्या वृद्ध कारागिराच्या हाताखाली आज कोणी शिकत नाही. ज्या देवस्थानांच्या जमाखर्चात मंडप, ध्वनिक्षेपक आणि पत्रके यांच्या रकमा दरसाल पडतात, त्यांनी त्यात जुन्या पेटीच्या दुरुस्तीची एक बाब घालावी, गावातला सुराचा कान असलेला एखादा मुलगा अशा कारागिराजवळ नेऊन बसवावा, आणि पुढचा सप्ताह येण्यापूर्वी अडगळीतली पेटी बाहेर काढून निदान तिचा भाता तरी तपासून घ्यावा.