यात्रेपूर्वीची यात्रा



वैनगंगेच्या काठावरून डोंगा सोडण्याआधी नावाडी माणसांना नीट बसवून घेतो. जड माणूस मध्यभागी, मुले त्याच्या जवळ, गाठोडी तळाशी. हे सारे काठाशीच करावे लागते. भर प्रवाहात जागा बदलता येत नाही. पवनीत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे. पण पायी संघ काढताना नेमके हेच आपण विसरतो.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि छ'री पालित संघांचे बेत सुरू होतात. पायी चालणे, एकवेळ आहार, भूमिशयन, ब्रह्मचर्य, सचित्तत्याग आणि आवश्यक क्रिया हे सहा नियम आपण मनाने सहज स्वीकारतो. वर्षभर गादीवर बसलेले पाय ते स्वीकारतील का, हे मात्र विचारायचे राहून जाते. पवनीहून भिवापूर, चिमूर, वरोरा या मार्गाने भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथ प्रभूंपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. रोज पंधरा किलोमीटर धरले तरी आठवडाभराचे चालणे झाले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संघाची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या दिवशी एक वयोवृद्ध श्राविका वाटेत कडेला बसल्या. त्यांनी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली होती आणि एकासणे दुपारी व्हायचे होते. रक्तातील साखर उतरली होती. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल म्हणून त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या. आम्ही, मुक्कामी प्रथम पोहोचण्याच्या उत्साहात, बरेच पुढे निघून गेलो होतो. एका वाटसरूचे लक्ष गेले म्हणून त्या सावरल्या. माझ्या यादीत नाव, गाव, वय सारे होते. औषधांचा रकाना नव्हता. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा मी, माणसांच्या हिशेबात चुकलो होतो.

म्हणून यंदा ज्यांना जायचे आहे त्यांनी निदान आठ आठवडे आधी आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर पुरेत. पुढे थोडे थोडे वाढवावे, आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी. शेवटच्या पंधरवड्यात सलग दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चालून पाहावे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. अनवाणी चालण्याचा संकल्प असेल, तर तळव्यांनाही हळूहळू सवय लावावी. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास एकासण्याच्या दिवसांत औषध केव्हा व किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारल्याविना नाव नोंदवू नये.

व्यवस्थेचेही गणित आधीच मांडावे. साठ यात्रेकरूंना प्रत्येकी तीन लिटर धरले तरी रोज एकशे ऐंशी लिटर उकाळलेले पाणी लागते. ते निववायला पराती हव्यात, वेळ हवा. आणि हिवाळ्यात त्याचा काळ चार प्रहरांचाच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो, म्हणून मुक्कामाची जागा, पाणी आणि अंथरूण दुपारीच सिद्ध असावे. पहाटेच्या अंधारात निघण्याचा मोह टाळावा. पायाखालचा जीव दिसेल इतका उजेड झाल्यावरच पाऊल उचलणे ही ईर्यासमिती आहे, आणि भरधाव ट्रकच्या चालकाला आपण दिसणे हीही तितकीच निकडीची गोष्ट आहे. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने, एका रांगेत चालावे. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे.

दहा-दहांच्या तुकड्या कराव्यात. प्रत्येकीत एक जाणता माणूस सर्वांत शेवटी चालेल आणि त्याच्या मागे कोणीही उरणार नाही. तुकडीची गती सर्वांत मंद चालणाऱ्याने ठरवावी. तरुणांना हे जड जाईल. पण तेही तपच आहे.

'तीर्थ' म्हणजे मुळात नदी पार करण्याचा उतार. आपल्या परंपरेत साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका यांच्या चतुर्विध संघालाही तीर्थच म्हणतात. तेव्हा ज्या श्राविकेला मागे टाकून आम्ही घाईने तीर्थाकडे निघालो होतो, ती स्वतःच त्या तीर्थाचा अंश होती. मुक्कामी प्रथम पोहोचण्यात मला तेव्हा जे भूषण वाटले होते, त्याची आज लाज वाटते.

यादी करणाऱ्या बंधूंनी यंदा औषधांचा रकाना पहिला आखावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.