इस्पितळातून घरी आल्यावर

मैत्रिणींनो, इस्पितळातून घरी सोडलं की दुखणं संपलं, असं वाटतं. खरी जपणूक पुढेच असते. डिस्चार्ज कार्ड हाती पडताच डॉक्टरांना विचारून घ्या: आधीच्या कोणत्या गोळ्या बंद, पुन्हा कधी दाखवायचं, काय झालं तर लगेच यायचं.

घरी जुन्या-नव्या पाकिटांवरची बारीक अक्षरं ताडून पाहा. कंपनीचं नाव वेगळं, औषध एकच, असं पुष्कळदा असतं. रक्तदाबाची तीच गोळी दुप्पट गेली तर चक्कर येऊन माणूस पडू शकतो.

हृदयात स्टेंट बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या ‘बरं वाटतंय’ म्हणून आपल्या मनानं थांबवू नका. गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं.

पुढची तारीख कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारीच लिहा; म्हणजे ती चुकायची नाही.