कपाचा भाव पडत नाही



कॅफे कॉफी डे ही पाटी आपल्यापैकी पुष्कळांनी हमरस्त्यावर, पुण्या-नागपुरात वाचली असेल. आत जाऊन कॉफी प्यालेले थोडे असतील, कारण एका कपाचे पैसे ऐकूनच माणूस उठून बाहेर येतो. या दुकानांबद्दल आज लिहितो आहोत ते कॉफीच्या प्रेमापोटी नव्हे. ती ज्याने उभी केली तो कॉफी पिकवणाऱ्या घरातला होता. आणि पहिले दुकान ज्या वर्षी उघडले, त्याच वर्षी कॉफीवाल्यांच्या पायातली एक बेडी पुरती तुटली होती. तशीच बेडी तेव्हा आपल्या कापसाच्या पायात होती.

ती बेडी अशी. १९४२ च्या कायद्याने कॉफी पिकवणाऱ्याला आपला माल कॉफी बोर्डाच्या स्वाधीन करावा लागे. घरी पिण्यापुरती आणि बियाण्यापुरती ठेवायची, बाकी सगळी बोर्डाच्या 'पूल'मध्ये. बोर्ड लिलाव करणार, शेतकऱ्याला आधी उचल देणार आणि उरलेले हप्त्याहप्त्याने. परस्पर विकली तर गुन्हा. परभणी-यवतमाळच्या माणसाला यात नवे काय? १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत आपण याहून वेगळे काय भोगले? चुकाऱ्यासाठी हेलपाटे मारायचे, आणि सीमेपलीकडे दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी नेली तर नाक्यावर चोर ठरायचे.

कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी कमिटीने १९३६ पासून कॉफी हाउसे काढली होती. पुढे बोर्ड ती बंद करायला निघाले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने नोकरांनी सहकारी सोसायट्या केल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवली. इंडियन कॉफी हाउस म्हणतात ते हेच. वेटर मालक झाले, ही लहान गोष्ट नाही. पण पिकवणारा तिथेही नव्हता.

१९९२ पासून पूलची गाठ सैल झाली आणि १९९६ मध्ये ती पूर्ण सुटली. चिकमगळूरच्या व्ही. जी. सिद्धार्थ यांनी निर्यातीची कंपनी आधीच काढली होती. १९९६ मध्येच त्यांनी बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर पहिले दुकान उघडले. हे लहान शेतकरी नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. घराणे मळेवाल्यांचे आणि जवळ शेअरबाजारात कमावलेला पैसा. तरी हिशेब त्यांनी शेतकऱ्याचा केला. बी विकणाऱ्याला बियाचा भाव मिळतो, कप विकणाऱ्याला कपाचा.

या हिशेबाची परीक्षा लवकरच झाली. २००१ च्या सुमारास जगात कॉफीचे भाव कोसळले. बंधने सुटली होती, बाजार खुला होता, तरी कर्नाटक-केरळातले मळेवाले आडवे झाले. खुल्या बाजाराची मागणी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लपवू नये. बाजार खुला झाला म्हणजे भाव वरच राहतो असे नाही. पण त्या वर्षांत दुकानातल्या कपाचा भाव काही उतरला नाही. उलट दुकाने वाढत गेली आणि पुढे सतराशेच्या घरात पोचली.

आम्ही तेव्हा कृषी महाविद्यालयात होतो. ज्वारीचे वाण, खताच्या मात्रा, हेक्टरी उतारा, सगळे पाठ केले. एका किलोच्या किती भाकरी होतात हे मात्र कोणी विचारले नाही. ते आम्हाला आईने सांगितले, आठ ते दहा. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. म्हणजे एका भाकरीत दाणा जातो चार-साडेचार रुपयांचा. ढाब्यावर तीच भाकरी वीस-पंचवीसला. मधला सगळा पैसा लूट आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यात दळण आहे, गॅस आहे, जागेचे भाडे आहे, आणि थापणाऱ्या बाईचे कसब आहे. ते कसब आपल्याच घरातले. ज्वारी हमीभावाच्या खाली गेली म्हणून भाकरी स्वस्त झाली, असे कोणी पाहिले आहे काय? सोलापूरच्या बायका कडक भाकरी बांधून गावोगावी पाठवतात, त्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

आता दुसरी बाजू. ती दुकाने वाढली ती कर्जावर. मार्च २०१९ मध्ये कंपनीवर सात हजार कोटींहून अधिक कर्ज होते, आणि त्याच वर्षी जुलैत सिद्धार्थ आपल्यातून गेले. कर्जाच्या ओझ्याखालचे घर कसे असते, हे या पानाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी २०२० च्या डिसेंबरपासून कंपनीचा कारभार हाती घेतला. मालमत्ता विकून कर्ज मोठ्या प्रमाणात उतरवले. दुकाने पाचशेच्या आत आली, पण चालू आहेत. सतराशे दुकानांच्या कौतुकापेक्षा आम्हाला ही उतरंडच जास्त शिकवून गेली.

म्हणून आमचे मत असे आहे. प्रत्येक तालुक्याला, एस.टी. स्टँडजवळ किंवा मार्केट यार्डात, ज्वारीची भाकरी आणि पिठल्याचे एक दुकान आपल्या लोकांनी चालवावे. ज्वारी सभासदांचीच घ्यावी आणि खळ्यावर रोख पैसे द्यावेत. थापणाऱ्या बायांना मजुरीशिवाय नफ्यातही वाटा असावा, त्यांना नुसते कामावर ठेवून भागणार नाही. आणि पहिल्या दुकानाच्या गल्ल्यातून पैसा उभा राहिल्याशिवाय दुसरे उघडू नये, बँकवाला दारात येऊन बसला तरी.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या तालुक्याच्या जागेचे भाडे, दळणाचा दर आणि दिवसाला किती भाकरी खपतील याचा अंदाज लिहून आणावा. बायांना बरोबर आणावे. त्यांच्याशिवाय हा हिशेब आम्हाला जमणार नाही.